वंदनाताईंचा डावा कान

वंदनाताई दुकानात आल्या की खुर्ची फिरवून आधी उजवा कान माझ्याकडे करत. शिळफाट्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं, “या बाजूनं बोल रं. त्या बाजूला कान नाय, कानातलं लटकवायची खुंटी हाय.”

माहेर कडावचं, सासर इथलंच. बारावी झालेल्या. मुलं मोठी झाल्यावर, चाळिशीत, त्यांनी नोकरीचं मनावर घेतलं होतं. पहिला अर्ज एका शाळेच्या ऑफिसातल्या जागेसाठी होता. त्यात ‘काही शारीरिक अडचण?’ असा रकाना होता. मी शहाणपणा केला. “‘नाही’ लिहू. सांगितलं तर बोलावणारही नाहीत.” त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, “तू रोज भरतोस. लिही.”

मुलाखतीहून आल्या त्या तणतणतच. खोलीत पंखा खडखडत होता आणि मुख्याध्यापिका कागदात मान घालून बोलत होत्या. “शिक्षण कुठे झालं?” हे ताईंना “शिक्षा कुठे झाली?” असं ऐकू आलं. त्या बाणेदारपणे म्हणाल्या, “आमच्यात कोणालाच नाय झाली. आमी सरळ माणसं.” पुढचा प्रश्न, “अपेक्षा काय?” त्यावर उत्तर, “रिक्षा नाय, दिराचा टेंपो हाय.” खरे प्रश्न काय होते ते त्यांना नंतर शिपायानं सांगितलं.

मी हसून हसून टेबलावर आडवा झालो. त्या हसल्या नाहीत. “तिनं मला बहिरी म्हटलं असतं तर चाललं असतं रं. ती मला येडी समजली.” माझं हसू जागच्या जागी थांबलं.

पुढचा अर्ज मोहोपाड्याच्या एका कारखान्यात, पॅकिंग खात्यात. तो रकाना आला आणि सवयीनं माझं बोट ‘नाही’कडे गेलं. “कान गेलाय, डोळे नाय गेले,” त्या कडाडल्या. त्यांनी सांगितलं तसं मी टाईप केलं: ‘डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने कमी येते. समोर बसून, तोंड न झाकता बोलावे.’

मुलाखतीला मलाही ओढून नेलं. “घोळ तू घातलास, चल.” मी दाराशी बसलो. साहेबांची मिशी दाट, ओठांवर उतरलेली. दोन वाक्यं झाली आणि ताईंनी हात वर केला. “साहेब, तुमचे ओठ दिसत नाय. मिशी वर धरा.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्या भल्या माणसानं दोन बोटांनी मिशी वर धरली आणि पूर्ण मुलाखत तशीच घेतली.

“आत मशीनचा फार आवाज असतो, चालेल?”

“मला चालंल. तुमी तुमचं बघा.”

“आणि आगीचा भोंगा वाजला तर?”

ताई गंभीर झाल्या. “तेच मी इचारणार होते. माझ्यासमोर एक लाल दिवा लावा.”

नोकरी लागली. दिवाही लागला. पहिल्या सरावात उघड झालं की मशीनच्या घरघरीत भोंगा कोणालाच ऐकू येत नव्हता. आता अख्खं खातं ताईंच्या दिव्याकडे बघून बाहेर पळतं.

ताई फोनवर फक्त व्हिडिओ कॉल घेतात, आणि समोरच्यानं नुसता चेहरा नाही, ओठ दाखवायचे. गेल्या महिन्यात नर्सिंगच्या प्रवेशासाठी एक मुलगी वडिलांबरोबर आली. कानातलं मशीन केसांखाली दडवलेलं. वडील माझ्याकडे वाकून कुजबुजले, “‘नाही’ लिहा.” मी ताईंना कॉल लावला, त्या रकान्याचं सांगितलं आणि फोन मुलीसमोर धरला. त्यांची जेवणाची सुट्टी होती.

मुलीकडे एकदा बघून त्यांनी तोंडातला घास आधी संपवला. मग सावकाश, एकेक शब्द ओठांवर मांडत म्हणाल्या, “बाय, मी लपवलं तवा येडी ठरले. सांगितलं तवा साहेबानं मिशी धरली. तुझं तू ठरव.”

मुलगी खुदकन हसली. वडील काही बोलणार, एवढ्यात तिनं केस कानामागे सारले आणि खुर्ची माझ्यासमोर ओढली.

“दादा, ‘हो’ लिहा. आणि जरा सावकाश बोला.”