शर्ट फाडायचा प्रसंग

आम्ही कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. प्रार्थना हिब्रूत, भांडणं मराठीत. इथे न्यू जर्सीत मराठी मंडळासाठी मी किती वर्षं नाटकं लिहितोय, पण आमच्या घरावरचं पहिलं नाटक लिहिलं ते आई पार थकल्यावर. "ते बघूनच डोळे मिटणार," म्हणायची. तिने ते बघावं, एवढंच मला हवं होतं.

नाटकात आई जाते आणि मुलगा अंगावरचा शर्ट फाडतो. आमच्यात आईबापासाठी असा कपडा फाडतात, डाव्या बाजूला, काळजावर. तालमी आयसेलिनला एका बेसमेंटमध्ये चालायच्या. कपडे सांभाळणाऱ्या काकू दर वेळी शर्टाला त्या जागी आधीच काप देऊन वरून कच्चा टाका घालायच्या, म्हणजे नटाने ओढलं की टर्रकन फाटायचं.

एकदा आईला व्हीलचेअरवरून तालमीला नेलं. प्रसंग संपताच ती कडाडली, "उभं राहून फाडायचं असतं रे! आणि एवढ्या सहज फाटतो होय शर्ट?"

"आई, नाटक आहे हे," मी वैतागलो.

"मग खोटं आहे म्हण की!"

काकूंना हसू आवरेना. मी नटाला उभं केलं, टाका तसाच ठेवला.

प्रयोग आठवड्यावर आला आणि आई गेली. प्रयोग कॅन्सल केला. दफनाच्या वेळी रब्बींनी फाटकी काळी रिबन पुढे केली. इथे हल्ली कपडा फाडण्याऐवजी तीच कोटाला लावतात. मी नको म्हटलं. नटाला इतक्यांदा शिकवलेलं, मला काय अवघड! उभा राहिलो, कॉलरखाली धरून ओढलं. बटण तुटलं, कापड फाटेना. दोन्ही हातांनी ओढलं, तरी नाही. शर्टाशी झटापट करता करता मी ढसाढसा रडायला लागलो.

काकू पुढे आल्या. "थांब रे बाळा," म्हणाल्या, पर्समधून छोटी कात्री काढली आणि काठाला एवढासा काप दिला. मग फाटलं.

पुढे नाटक झालं. आता मुलगा ओढत राहतो, शर्ट फाटत नाही, शेवटी शेजारीण कात्री घेऊन येते. ते काम काकूच करतात आणि दर वेळी खरंच रडतात.

"काय जमलाय यार तो प्रसंग!" लोक आत येऊन सांगतात.

जमलाय खरा. पण ज्या बाईने तो खोटा आहे म्हणून सांगितलं, तिला तो दाखवायचा राहिला.