अश्विनचा डावा डोळा

माझा भाऊ अश्विन नऊ वर्षं व्यावसायिक बॉक्सिंग खेळला. नव्वद किलोच्या गटात. त्या गटाला क्रूझरवेट म्हणतात, हे आईला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तिचं आपलं एकच, "एवढा धडधाकट पोट्टा, अन् लोकायचा मार खाते!" अहो, मार खात नव्हता तो, देत होता. चौदा लढती झाल्या, त्यातल्या अकरा जिंकल्या. पण त्या वजनाची माणसं आपल्याकडे मिळतात कुठं? सहा-सहा महिने समोर उभं राहायलाच कोणी नसायचं. हा बिचारा रोज सराव करायचा आणि फोनची वाट पाहायचा.

आम्ही मूळचे तेल्हाऱ्याचे, शेतकरी. शाळेच्या स्पर्धेत अकोल्याला बॉक्सिंग शिकवणाऱ्या किसनराव सरांनी त्याचे खांदे पाहिले आणि थेट घरी आले. बाबांना म्हणाले, "हा पोरगा मले द्या." स्वतःच्या घरी ठेवला, सरांच्या बायकोनं भाकरी थापून घातल्या. त्याचं जे काही झालं ते सरांमुळं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे अमरावतीला आली. मी इथं प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातलं पोर पाढ्यात अडखळत नाही, हा माझा तोरा.

दोन वर्षांपूर्वी त्याला पुण्याहून बोलावणं आलं. देशाच्या अजिंक्यपदाची लढत. आई शेजारपाजारी पेढे वाटून आली. लढतीला तीन आठवडे होते तेव्हा तो अमरावतीला आला, आणि जेवताना त्यानं भरल्या ताटात तांब्या पाडला. मी चिडले, "अबे, डोळे फुटले का तुझे?"

त्यानं तांब्या उचलून ठेवला. जेवण झाल्यावर जिन्यात बसून म्हणाला, "ताई, डाव्या डोयातून सारा धूर दिसून राहिला." सरावात ठोसा लागला होता, त्याला महिना झाला होता.

"सरांना सांगितलं?"

"सरले सांगतलं तं सर खेळूच देत नाईत."

डॉक्टरकडे चल म्हणाले मी. देवाशपथ म्हणाले. तर हा नव्वद किलोचा माणूस पायरीवर बसून ढसाढसा रडायला लागला. "बत्तीस वर्षांचा झालो, ताई. यावेळी नाई म्हणलं तं मले पुन्हा कोण बोलावते?" लढतीच्या आदल्या दिवशी डोळे तपासतात, तेवढीच एक अडचण होती. तपासणीचा तक्ता दरवेळी तोच असायचा, त्याचा फोटोही याच्या मोबाइलमध्ये होता.

तो मोबाइल मी जिन्यावरून खाली भिरकावायला हवा होता. पण माझ्यातली मास्तरीण जागी झाली ना! चार दिवसांत मी त्याच्याकडून तो तक्ता पाठ करून घेतला. सरळ, उलटा, मधूनच कुठलीही ओळ. आणि वर शहाणपण शिकवलं, "शेवटच्या ओळीत एक अक्षर मुद्दाम चुकव. सगळंच बरोबर आलं की तपासणाऱ्याला शंका येते. पंधरा वर्षं कॉप्या पकडल्यात मी."

तो हसला. "भल्ली चालू आहे वो ताई तू."

तपासणीत तो पास झाला. मला मेलीला आनंद झाला.

लढत आम्ही घरी मोबाइलवर पाहिली. तीन फेऱ्या अश्विन पुढं होता. चौथ्या फेरीत समोरच्याच्या लक्षात आलं. मग त्याचा प्रत्येक ठोसा अश्विनच्या डावीकडून यायला लागला आणि अश्विनचा हात वरच जाईना. किसनराव सर कोपऱ्यातून घसा फोडून ओरडत होते, "डावीकडं पाह्य, डावीकडं!" आई विचारत होती, "काहून असा उभा राहिला हा?" त्या घरात, त्या अख्ख्या सभागृहात, त्याच्याशिवाय, कारण मला एकटीला ठाऊक होतं. सहाव्या फेरीत तो पडला.

डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जुनं आहे. महिनाभर आधी आला असतात तर डोळा वाचला असता." अश्विन म्हणाला, "तवा काहीच तरास नव्हता, मॅडम." मी शेजारी उभी होते.

पंधरा दिवसांनी सर आमच्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत, खाली सतरंजीवर बसले. आईपुढं हात जोडले. "मनकर्णाबाई, मीच कमी पडलो. डावी बाजू सांभाळाले शिकवलं नाई मी त्याले."

आईनं त्यांना नाही नाही ते ऐकवलं. "माह्या लेकराचा डोया खाल्ला तुमी! या घराची पायरी चढू नोका पुन्हा!" सत्तरीचा माणूस मान खाली घालून ऐकत होता.

अश्विनला ते सहन होईना. "आई, सरचा काही..." एवढं म्हणून तो थांबला आणि मला शोधायला लागला. मी त्याच्या डाव्या हाताला, स्वयंपाकघराच्या दारात होते. त्याला सगळी मान वळवावी लागली. मी डोक्यानंच खुणावलं, नको. आणि तो गप्प बसला. माझा भाऊ माझ्यासाठी गप्प बसला.

त्यानंतर सरांनी शिकवणं सोडलं असं कळलं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ललितानं भावाचं सारं केलं म्हणून. अश्विन आता माझ्याकडेच असतो, एका दुकानात माल उतरवून घ्यायला जातो. मला कधी एका शब्दानं बोलला नाही. एकदाच म्हणाला, "मी नाई सांगत. पण तू सरले फोन करजो, ताई."

अधूनमधून विचारतो, "केला का फोन?"

मी म्हणते, "लागत नाही रे."

तो म्हणतो, "बरं."