खिडकीतला हात

आमच्या मलकापूरच्या गल्लीत थंडीच्या दिवसांत एक म्हातारा रोज दोनदा फेरी मारायचा आणि ज्या घरात चूल, शेगडी किंवा बंब पेटलेला असेल त्या घराच्या खिडकीवर काठीने ठोकायचा. "जागं हाय का?" आतून "हाय, हाय" असं कितीही मोठ्यानं उत्तर आलं तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. "हात दाखव. बोटं हलव." मग पिठाने माखलेला एखादा हात गजांतून बाहेर यायचा, पाच बोटं हलायची, आणि म्हातारा मान डोलावून पुढच्या घराकडे वळायचा.

हे आमचे सुभेदार. सैन्यातून पेन्शनीवर आलेली माणसं आमच्याकडे घरटी एक सापडेल, पण नुसतं सुभेदार म्हटलं की हेच. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, कोपऱ्यावरच्या एका खोलीत एकटेच राहायचे. नव्या सुना त्यांना बिचकायच्या, जुन्या हसायच्या. आमची आत्या तर हात बाहेर काढता काढता "हात दाखवून अवलक्षण" असं पुटपुटायची, आणि तेही त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

गॅस घरोघर आला होता, पण चूल काही कुणी मोडली नव्हती. भाकरी चुलीवरच, आंघोळीचं पाणी बंबातच. सुभेदार रविवारी बांबूला पोत्याचा बोळा बांधून एकेका घराचं धुराडं साफ करून द्यायचे. काजळीने काळे झालेले ते खाली उतरले की लहान पोरं रडायला लागायची. "काजळी म्हंजी साठवून ठेवलेली आग," ते म्हणायचे. चुलीला चीर दिसली की स्वतः माती कालवून लिंपायला बसायचे. ओलं जळण दिसलं की उचलून उन्हात टाकायचे, आणि निखाऱ्यावर रॉकेल ओतणाऱ्या बाईची तर सात पिढ्यांची आठवण काढायचे.

राखेवर त्यांचा विशेष राग. आत्याने एकदा प्लॅस्टिकच्या बादलीत राख भरली, तर त्यांनी ती तिच्या हातातून हिसकावून घेतली. "राख मेलेली दिसती, पर आत जिती असती. पत्र्याच्या डब्यात घाल, झाकण लाव, दोन दिस अंगनात ठेव." मेलेलं आणि जितं, हे शब्द त्यांच्या बोलण्यात फार यायचे. मला ते ऐकून उगाच शहारा यायचा. एकदा मी चेष्टेने विचारलं, "सुभेदार, एवढा धूर डोळ्यांत जातो, त्याचं काहीच नाही का हो?"

"जाऊ दे की," ते म्हणाले. "धूर दिसतो, खोकला काढतो, मानूस भायेर पळतंय. निखाऱ्याला धूर नसतो, पोरी. मला त्येचं भ्या वाटतं."

मी हसले होते. नंतर हसले नाही.

मी बाळंतपणाला माहेरी आले ती ऐन थंडीत. आई नव्हती, सगळं आत्याच बघत होती. बाळ नऊ दिवसांचं होतं, बारसंही व्हायचं होतं. त्या दिवशी अकराच्या सुमाराला न्हाऊमाखू घालून आत्याने आम्हा दोघींना खोलीत झोपवलं, बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर ओवा टाकला. ओल्या बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकी लावून तिच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या आणि दार ओढून घेतलं. पिढ्यान्पिढ्या असंच करत आले होते. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

मला आठवतं ते एवढंच, की फार ऊबदार वाटत होतं. डोकं जड झालं होतं, कानात बारीकशी शीळ वाजत होती, आणि पाय आपले नाहीतच असं वाटत होतं. मला त्याची भीती वाटली नाही, हे आठवलं की आजही भीती वाटते. आत्या स्वयंपाकघरातून म्हणत होती, "गुनाची हाय पोर, आज रडलीसुदिक न्हाई."

पुढचं मला आत्याने सांगितलेलं आहे. खिडकीवर काठी वाजली. "जागं हाय का?" आतून उत्तर आलं, "जागी हाय." स्वच्छ, मोठ्याने. आत्याने स्वयंपाकघरात ते ऐकलं आणि निर्धास्तपणे भाकरी थापत राहिली. सुभेदार म्हणाले, "हात दाखव." खिडकी उघडली नाही. "पोरी, हात दाखव!" मग काठीचा आवाज थांबला.

दुसऱ्या क्षणाला ते पायातल्या बुटांसकट बाळंतिणीच्या खोलीत शिरले होते. आत्या "आवं, आवं सुभेदार, शिवाशिव!" म्हणून ओरडत मागे धावली. त्यांनी आधी बाळ उचलून अंगणात नेलं, मग माझ्या काखेत हात घालून मला फरफटत बाहेर काढलं. मी डोळे उघडले तेव्हा वर नुसतं निळं आभाळ होतं आणि आत्या माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरत होती. बाळ गप्प होतं. सुभेदार त्याचे तळवे चोळत होते, पाठीवर थोपटत होते, आणि एकच म्हणत होते, "बोटं हलव. बोटं हलव की गं." किती वेळाने ते कुणास ठाऊक, पण पोरगी रडली. सुभेदार तिथेच मातीत बसले आणि डोक्यावरची कानटोपी काढून तिच्यात तोंड खुपसून रडले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळसा धुमसला की विषारी वायू होतो, त्याला ना रंग ना वास. अजून थोडा वेळ गेला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. मी उत्तर दिल्याचं विचारलं, तर म्हणाले, अर्धवट शुद्धीतली माणसं बोलतात. तसंच असेल. पण मला ते आठवत नाही. आणि आत्या शपथेवर सांगते, आवाज माझा होता, पण मी कधी तिच्याशी तसं बोललेच नाही. आमच्या घरात मी एकटी शाळेतलं मराठी बोलते. 'हाय' मी कधी म्हणत नाही.

हे मी सुभेदारांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "वर बर्फात आमच्या चौकीत कोळशाची बुखारी, म्हंजी मोठी लोखंडी शेगडी असायची. तिच्यावर सेंट्री लावायचे. दर घंट्याला भायेरून हाक द्यायची, आतल्यांनी जबाब द्यायचा. त्या दिवशी दुपारी वादळ हुतं. आत तिघं झोपल्याले, भायेर मी. मी हाक दिली, 'जागं हाय का?' जबाब आला, 'जागं हाय.' आपल्या मराठीत. पुढच्या हाकंला कायच न्हाई. दार तोडलं, तर बुखारीच्या पाइपाचं तोंड बर्फानं बुजल्यालं. डॉक्टर म्हनला, गडी दार तोडायच्या दोन-तीन घंटे आधीच गेलेत." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "आत मराठी बोलनारा एकच हुता, जतकडचा, आन त्योबी त्याच तिघांत गेल्याला. मग मला जबाब कुनी दिला? तवापासनं आवाजावर भरवसा न्हाई. हात तर मेल्याचाबी दिसतो. बोटं जित्याचीच हलत्यात."

नवऱ्याची नोकरी साताऱ्याला कारखान्यात आणि माझी इथल्या शाळेत, म्हणून मी मलकापुरातच राहिले. पुढे सुभेदारांचे गुडघे गेले. ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागले. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, आता फेरी तुमी घ्या." शाळेला जाताना मी हाक मारायची, "सुभेदार, हात दाखवा." गजांतून हात बाहेर यायचा, बोटं हलायची. त्या एवढ्याशा खेळाचा त्यांना लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

एक दिवस मला उशीर झाला होता. रस्त्याच्या पलीकडूनच पाहिलं, तर हाक मारायच्या आधीच हात बाहेर होता. मी हसले, माझा हात हलवला आणि तशीच पुढे गेले.

दुपारी परत आले तेव्हा हात तसाच होता. जवळ गेले. करंगळीवरून एक मुंगी चालली होती.

आत सगळं नेटकं होतं. खिडकी उघडी, चूल गार, राख झाकण लावलेल्या पत्र्याच्या डब्यात. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, सकाळी कधीतरी. त्या 'कधीतरी'च्या आधी मी तिथून गेले की नंतर, हे मला कुणी सांगू शकत नाही. तो हात त्यांनी माझ्यासाठी बाहेर काढला होता, आणि 'बोटं हलवा' हे दोन शब्द म्हणायचा मला कंटाळा आला. हे माझं मला अजून माफ करता आलेलं नाही.

ती नऊ दिवसांची पोरगी आता मिरजेला नर्सिंग शिकते. खोलीवर चौघी मुली राहतात, थंडीत कुठून तरी शेगडी आणतात. रोज संध्याकाळी मी फोन लावते. "मी बरी आहे गं आई," ती म्हणते. मी म्हणते, "व्हिडिओ लाव. आधी खिडकी दाखव." ती खिडकी दाखवते. मग वैतागून पडद्यासमोर पंजा धरते.

पंजा दिसतो. तरी मी फोन ठेवत नाही.

"बोटं हलव," मी म्हणते, आणि ती हलवेपर्यंत श्वास रोखून बसते.