बोटीवरून येताना फाट्यावर

सकाळी मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यापासून सुग्रीवच्या तोंडाचा पट्टा चालू होता. इगतपुरी गेली, वैजापूर मागे पडलं, तरी तो बोटीवरच्या जेवणाच्या टेबलाशीच अडकून पडला होता. त्या टेबलावर प्रेमलानं पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि ती अंबडच्या एका दुकानदाराच्या बायकोनं पाहिली, एवढाच तिचा गुन्हा.

"छत्तीस जिनसा मांडल्या होत्या समोर. छत्तीस. आणि तू चटणी काढून राह्यली."

"भाताला चवच न्हवती."

"चव न्हवती म्हणे. गोव्याचा समुद्र पाहून आली, पण टेंभुर्णी काही सुटली न्हाई तुझी."

तीन दिवस प्रेमलाला त्या जेवणघराची भीतीच वाटली होती. काचेच्या भांड्यांखाली निळ्या ज्योती, पांढऱ्या टोपीतले आचारी, बर्फातून कोरलेला मासा. लोक ताटं भरभरून घेत आणि अर्धी तशीच टाकून उठत. खायला इतकं, आणि वाढणाऱ्या एकालाही जेवणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं. तिच्या घशाखाली घास उतरला नाही, पण त्याचं कारण भात नव्हता.

कारण दुकानात होतं. टेंभुर्णीत सुग्रीवचं बी-बियाण्याचं दुकान आहे. उन्हाळ्यात एका कंपनीनं स्कीम काढली: कपाशीच्या नव्या वाणाच्या ठरलेल्या बॅगा जो दुकानदार खपवेल, त्याला जोडीनं तीन दिवसांची क्रूझ. सुग्रीवला शेवटच्या चाळीस बॅगा जड जाऊ लागल्या. त्या त्यानं सोयऱ्याधायऱ्यांत वाटल्या. बारा बॅगा प्रेमलाच्या थोरल्या भावाच्या, इंद्रभानच्या गळ्यात मारल्या. वर सांगितलं, "माझ्या सोताच्या वावरात हेच लावून राह्यलो. मेहुण्याला वंगाळ देईन का मी?"

स्वतःच्या वावरात त्यानं जुनं, खात्रीचं वाण लावलं. टोकणीला बायकांच्या पुढं प्रेमलाच होती. कोणतं पाकीट फाडलं जातंय ते तिला दिसत होतं.

जुलैत इंद्रभान दुकानात आला. कपाळावर आठ्या, मुठीत चार मरतुकडी रोपं. काउंटरवर ती ठेवून तो म्हणाला, "दहात चार उगवलं दाजी. रिकाम्या जागी दोनदा नांग्या भरल्या. तुमच्याकडं कसं हाय?"

"आमचं बी तसंच," सुग्रीव म्हणाला. "पावसानं दगा दिला सगळ्यायला."

इंद्रभाननं त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं काउंटरमागे उभ्या बहिणीकडे पाहिलं. "खरं का प्रेमा?"

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. प्रेमलानं मान हलवली. होय म्हणून.

बस, तेवढंच. तोंडातून शब्दही काढला नव्हता. पण यंदा भाऊबीजेला इंद्रभानचं बोलावणं आलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, एकदाही असं घडलं नव्हतं. एका वर्षी त्याला टायफॉइड झाला होता, तेव्हासुद्धा त्यानं सोयऱ्याच्या मोटारसायकलवरून तिला नेलं होतं. यंदा ती दिवसभर ठेवणीतलं लुगडं नेसून बसली आणि संध्याकाळी बदलून भांड्यांना लागली. सुग्रीव म्हणाला, "बरं झालं, बोटीच्या बॅगा भरायला टाइम भेटला."

भावाचं दार बंद झालं ते त्या मानेमुळे, हे तिला ठाऊक होतं. ती मान कशी परत घ्यायची, तेवढं ठाऊक नव्हतं.

महामार्ग सोडून गाडी जालन्यात उतरली तेव्हा साडेतीन वाजले होते. एमआयडीसीची पाळी सुटली होती. लोखंडाच्या धुळीनं काळवंडलेले लोक गाड्यांभोवती उभ्यानं वडापाव खात होते. पुढं रस्त्याच्या कडेला मोसंब्यांचे ढीग लागले, पाटीत गवत घालून मांडलेली सीताफळं लागली. एका बाईनं दोन डोळे फुटलेलं सीताफळ गाडीकडे उंच धरलं. कढईतून नुकत्याच निघालेल्या मिरच्यांच्या भज्यांचा वास काच बंद असूनही आत आला, आणि प्रेमलाच्या पोटात तीन दिवसांची भूक एकदम जागी झाली.

"थांबा की इथं."

भूक सुग्रीवलाही लागली होती. त्यानं गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि दोन प्लेट सांगायला तोंड उघडलं. बाकड्यावर भुजंग बसला होता. त्यानं यंदा सुग्रीवकडून आठ बॅगा नेल्या होत्या.

"या सेठ," भुजंग भजं मोडत म्हणाला. "बोट बुडाली न्हाई का?"

बाकीचे हसले. एकानं विचारलं, "काय खाऊ घालत्यात तिथं?"

"आपली कपाशी," भुजंग म्हणाला. "ती इकडं उगवलीच न्हाई. तिकडंच गेल्ती, जेवायला."

सुग्रीवनं काच वर केली. भजेवाला कागदात भजी घालून पुढं आला होता, तो तसाच उभा राहिला. पुढच्या चहाच्या टपरीवर सुग्रीव थांबला नाही. त्याच्यापुढच्या रसवंतीवरही नाही. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी बसलेलं होतं, आणि गाडी ओळखून मान वळवत होतं. ज्या रस्त्यावर हा माणूस वर्षानुवर्षं कुठंही बसून फुकट चहा प्यायला, त्या रस्त्यावर त्याला आता घोटभर पाणी मागायची सोय नव्हती.

"भिकारडी जात," तो म्हणाला. "हजार बॅगा चांगल्या उगवल्या तवा कोणी हार घातला न्हाई."

"फाट्यावर दादाच्या हॉटेलाशी थांबवा," प्रेमला म्हणाली.

"येडी झाली का?"

"मला भूक लागली."

"घरी गिळ."

"थांबवा म्हणते मी. न्हाईतर चालत्या गाडीचं दार उघडीन."

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच सुग्रीवनं तिच्याकडे वळून पाहिलं. फाटा आल्यावर त्यानं ब्रेक दाबला, पण इंजिन बंद केलं नाही. "दहा मिनिटं. दाजी आल्ते म्हणून सांगू नको."

गाडी त्याच्यापेक्षा मोठ्यानं सांगत होती.

इंद्रभानचं हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, पुढं चार बाकडी, कडेला पाण्याचा ड्रम. मागे त्याचं वावर. इतरांची कपाशी फुटून पांढरी झाली होती; याच्यात मधेमधे माती दिसत होती. चुलीपुढं त्याची बायको सत्यशीला बाजरीच्या भाकरी थापत होती. दोन गिऱ्हाइकं जेवत होती. प्रेमला बाकड्यावर बसली.

सत्यशीलानं हात न थांबवता विचारलं, "काय देऊ बाई?"

बावीस वर्षं ती प्रेमलाला वन्सं म्हणत आली होती.

"पिठलं-भाकर," प्रेमला म्हणाली.

इंद्रभान आतून आला. त्यानं ताट आणलं. वर कांदा, लाल ठेचा, पिठल्यावर तेलाची धार. सगळं जसं गिऱ्हाइकाला द्यायचं तसं, नीट. ताट ठेवून तो वळला.

"दादा."

तो थांबला, पण तोंड इकडं केलं नाही.

"आमच्या वावरात ते बी न्हवतं. आम्ही जुनं लावलं. मी सोता टोकलं." जेवणाऱ्यांचे हात थांबले, पण ती बोलत राहिली. "मी दुकानात मान हलवली ती खोटी होती."

भाकरी थापायचा आवाज थांबला. रस्त्यावर सुग्रीवची गाडी घरघरत होती.

"तुझं वावर रस्त्याला हाय प्रेमा," इंद्रभान म्हणाला. "एसटीतनं जाणाऱ्यायला बी दिसतं काय उगवलं ते. मला श्रावणातच कळलं."

"मंग बोलला का न्हाई?"

"वाट पाहून राह्यलो. माझी बहीण येईन, म्हणीन दादा, मी खोटं बोलले. आता येईन, मंग येईन. पोळा गेला, दसरा गेला. तू बोटीत बसली." त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं बाकडं पुसलं, जिथं काहीच सांडलं नव्हतं. "आता सांगून काय कपाशी उभी राहती का? जेव. गरम हाय तवर जेव. माझ्याकडून कोणी उपाशी जात न्हाई, वैरी बी न्हाई."

प्रेमला जेवली. पिठलं तिखट होतं, भाकरी चुलीवरची होती, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच अन्नाला अन्नाची चव होती. म्हणून तर प्रत्येक घास गिळताना अपमान जास्त लागत होता. तिनं दुसरी भाकरी मागितली नाही. सत्यशीलानं दिलीही नाही.

सुग्रीवनं हॉर्न वाजवला. एकदा, मग लांब.

प्रेमला ताट घेऊन उठली आणि ड्रमकडे निघाली. तिथं उष्ट्या ताटांचा ढीग पडला होता. बाप मेंढरं घेऊन फिरायचा तेव्हापासून त्यांच्यात असंच होतं: पाहुण्याचं ताट घरचे उचलणार, घरच्यानं आपलं आपणच घासायचं. हे इंद्रभानलाही ठाऊक होतं. म्हणूनच तो आडवा आला.

"ठेव तिथंच. गिऱ्हाईक ताट धूत न्हाई."

"सरक दादा."

"ठेव म्हणलो ना."

ती त्याला वळसा घालून गेली. नवी साडी, कंपनीनं दिलेली, तशीच चिखलात टेकवून ती ड्रमाशी बसली. मूठभर राख घेतली, आपलं ताट घासलं. ते उपडं घातलं आणि ढिगातलं पुढचं ओढलं. इंद्रभान तिच्या डोक्यावर उभा होता. तिनं वर पाहिलं नाही. तिला वाटलं, तो ताट हातातून हिसकावून घेईल. त्यानं घेतलं नाही. काही वेळानं त्याची पावलं चुलीकडे गेली.

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला. काच खाली आली. "येती का न्हाई? मी चाललो," सुग्रीव ओरडला. फाट्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. प्रेमलानं कोपरानं पदर मागे सारला आणि परातीला हात घातला. गाडी झटका देऊन निघाली, धूळ उडाली, ती धुतलेल्या ताटांवर येऊन बसली. तिनं ती पुन्हा विसळली.

जेवणाऱ्यांपैकी एकजण हात धुवायला आला. जाताना त्यानं इंद्रभानला दबक्या आवाजात विचारलं, "बहीण ना तुमची?"

इंद्रभान चुलीत लाकूड सारत होता.

"भांडे घासून राह्यली," तो म्हणाला. "दिसत न्हाई का?"