वाटेतला खांबोबा

आमच्या स्टेशनचं नाव मी सांगणार नाही. कल्याण-डोंबिवलीकडचं आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की शेजारची स्टेशनं उगाच शहाणपणाचा आव आणतील.

माझी शेजारीण मालन दळवी राहते पूर्वेला आणि तिचं ब्लाउज शिवायचं दुकान पश्चिमेला. मधे रूळ. लहानपणीच्या पोलिओने तिच्या पायांत बळ राहिलं नाही. हातांनी फिरवायच्या तीनचाकी सायकलवर ती सगळीकडे जाते आणि पायांची कसर तोंडाने भरून काढते. पायऱ्यांचा पूल तिच्या उपयोगाचा नाही, म्हणून इतकी वर्षं ती लांबच्या उड्डाणपुलावरून जायची, डंपरच्या धुरात. दिवाळीच्या सुमारास एक टेम्पो तिच्या चाकाला घासून गेला. ती बचावली, पण तिचा भाचा सुदेश हादरला.

"आत्या, दुकान भाड्याने दे आणि घरी बस ना. तुला काय कमी आहे?"

"रस्ता," मालन म्हणाली.

शेवटी दोघांचं ठरलं. स्टेशनवरून पलीकडे जाणारा नवा पूल होत होता, दोन्ही बाजूंना पायऱ्यांऐवजी उतार असलेला. त्यावरून जाता आलं तर दुकान चालू. नाहीतर कुलूप लावायचं. मालनने शब्द दिला, आणि तिने दिलेला शब्द ती मोडत नाही, हे सुदेशला चांगलं माहीत होतं.

पूल झाला, फीत कापली, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मालन गेली तर आमच्या बाजूच्या उताराच्या तोंडाशी सिमेंटचे तीन खांब उभे. मोटरसायकली चढू नयेत म्हणून. पश्चिमेच्या तोंडाशी पोलीस चौकी, तिथे खांबांची गरज नव्हती. कडेचे दोन ठीक होते, पण मधला असा बरोब्बर मधोमध, की सायकल कुठूनच आत जाईना. उतार बांधायचा आणि तोंडाशी खुंटा ठोकायचा, याला काय म्हणावं? मला तर रडूच आलं. मालनला नाही आलं.

पुलाचं काम बघणारे साईनाथ नावाचे इंजिनिअर होते. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ताई, खांब काढला तर बाइकवाले वर घुसतील."

"मग त्यांना अडवा की. ते उतरून चालू शकतात. मी कुठे उतरू?"

साहेब बघतो म्हणाले आणि बघायचे राहिले.

संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकवाला बायका बिल्डिंगी पालथ्या घालतात, पण लिफ्ट नसलेल्या घरांत मालनला कोण बोलावणार? या वर्षी तिनेच सगळ्यांना आमंत्रण दिलं. ठिकाण, पुलाच्या उताराचं तोंड. बाबागाडीवाल्या सुना आल्या, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या सासवा आल्या. तिथेच कडेला भाजी विकणारी आगरी ठमाबाई टोपली सोडून आली. गर्दी बघायला आलेले साईनाथ साहेब आयतेच सापडले. हातात तिळगूळ आणि चहूबाजूंनी बायका. सुटका नाही म्हटल्यावर कबूल झाले. येत्या सोमवारी मधला खांब काढू, बाइकवाल्यांना अडवायला माणूस ठेवू.

इथवर सगळं छान होतं. पण मालनला विजयाचं वारं लागलं. निघताना उरलेलं हळदकुंकू तिने त्या मधल्या खांबालाच लावलं. "दार अडवणाऱ्याचा मान असतो गं," म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो.

रविवारी बघते तर खांबाला झेंडूची माळ. पायाशी नारळ, उदबत्ती. हळदकुंकू दिसलं की आपली माणसं आधी हात जोडतात, विचारपूस नंतर. कुणीतरी नावसुद्धा ठेवलं होतं, खांबोबा! सोमवारी कामगार पहारी घेऊन आले आणि थबकले.

"देवाला पहार लावायची? आपल्याला पोरंबाळं आहेत," त्यांचा म्होरक्या म्हणाला. साहेबही मागे सरकले. सुदेशने हळूच विचारलं, "आत्या, मग कुलूप आणू?"

मालनचा चेहरा पडला. तिचाच चेष्टेखोरपणा तिच्या गळ्यात आला होता. क्षणभर मला वाटलं, संपलं. मग ती खाली मान घालून म्हणाली, "विनिता, घरून वाटीभर तांदूळ आण. दहीपोहे पण."

मी ते आणेपर्यंत गर्दी झाली होती. मालनने खांबाला हळद लावली, कुंकू लावलं, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गणपतीची उत्तरपूजा कशी करतात, ठाऊक आहे ना सगळ्यांना? अक्षता टाकायच्या, मूर्ती जागेवरून हलवायची. मग देव गेला, उरली माती. बरोबर?"

बरोबरच होतं. प्रत्येकाच्या घरी दर वर्षी तेच होतं.

"मीच बसवला, मीच उठवते," म्हणत तिने अक्षता टाकल्या. "आता पहार द्या."

म्होरक्याने दिली. हातांनी सायकल ओढून ओढून मालनचे दंड पैलवानासारखे झालेत. बसल्या जागेवरून तिने खांबाच्या बुडाशी पहार रोवली आणि सगळं अंग त्यावर टाकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा खांब मुळातून करकरला.

"हालला गो!" ठमाबाई ओरडली.

मग कामगारांनीही हात लावला. खांब आडवा झाला तसं गर्दीतून कुणीतरी सवयीने ओरडलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

"खबरदार!" मालन गर्रकन वळली. "यायचं नाही! देव म्हणून नाही, खांब म्हणून नाही. माझ्या वाटेत परत कुणी यायचं नाही!"

कुणी हसलं नाही. साईनाथ साहेबांनी आपण होऊन खड्ड्यावर जाड लोखंडी पत्रा टाकला. मालनने पहार परत केली, हात पदराला पुसले आणि सायकल उतारावर घातली. चढ तसा बऱ्यापैकी होता. सुदेश धावत गेला आणि त्याने मागून सायकलला हात लावला.

"हात काढ," ती वळूनही न बघता म्हणाली. "ढकलायला माणूस होताच की. मला रस्ता हवा होता."

त्याने हात काढला. ती एकटी वर गेली आणि पलीकडे उतरून तिने दुकान उघडलं.