कागदावर बराबर

दर पहिल्या जूनला माझा मोबाईल सकाळपासून वाजत असतो. आमच्या दहावीच्या वर्गाचा ग्रुप आहे आणि त्या दिवशी निम्म्या वर्गाचा वाढदिवस असतो. केकची चित्रं येतात, फुगे येतात, कुणीतरी हटकून विचारतं, "पार्टी कधी?" आमच्या भागात लेकरं वर्षभर केव्हाही जन्मायची, पण शाळेत नाव घालताना हेडमास्तर सगळ्यांना पहिल्या जूनलाच जन्माला घालायचे. जूनमध्ये शाळा उघडते, लेकराला सहा वर्षं पूर्ण झालेली हवीत, मग खरी तारीख शोधत कोण बसणार? माझ्या आईला विचारलं तर ती सांगते, "हळद शिजवायचं चालू व्हतं, तवा तू झालीस." कुठल्या सालची हळद, ते तिला बोटांवर मोजून काढावं लागतं.

यंदा ग्रुपवरच्या सगळ्या शुभेच्छा एकीलाच होत्या. तिचा फोटो होता, छातीवर नंबर, गळ्यात पदक, मागं कुठल्या तरी मोठ्या शहराचा रस्ता. ती आमच्या वर्गातली. पळणं हाच तिचा व्यवसाय आहे, लांब पल्ल्याच्या शर्यती पळते आणि त्यावरच जगते. माझा नवरा हिंगोलीच्या मोंढ्यात वजनकाट्यावर असतो. आपली बायको तिच्या वर्गात होती हे त्यानं तिथल्या हमालांनाही सांगून टाकलंय. नवरा वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारे त्याच्यावर खापर फोडून मोकळे होतील. लोक मला कौतुकानं विचारतात, "मैत्रीण ना तुमची?" मी म्हणते, "वर्गात होती."

खरं म्हणजे मी तिच्या पुढं पळायचे. हे बोलून दाखवलं तर माणसं हसतात, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव हट्ट्यापासून चार-पाच किलोमीटर आत. हायस्कूल हट्ट्याला. मुलींसाठी निळी बस होती, पण ती तिच्या मर्जीची मालकीण. चुकली की कॅनॉलच्या पाळूवरून पळत जायचं. आम्ही दोघी पळायचो. मी आणि ती. ती बुद्धविहारामागच्या घरात आजीजवळ राहायची. आईवडील सहा महिने कामासाठी बाहेर, त्यामुळं तिचं नाव शाळेत फार उशिरा घातलं. आठ वर्षांची होती तेव्हा पहिलीत आली आणि हेडमास्तरांनी तिला सहाची लिहिली. माझं उलटं झालं. माझी मोठी बहीण अक्का आजारपणामुळं सात वर्षांची होईपर्यंत घरीच होती. आमच्याकडे दोन बहिणींना जोडीनं शाळेत घालायची रीत. एकीला एकीची सोबत, पुस्तकं एकच, आणि थोरलीवर नजर ठेवायला धाकटी. मी पाच वर्षांची. पण दोघी एका दिवशी एका वर्गात बसणार, तर हेडमास्तरांनी दोघींना एकच तारीख आणि अक्काचंच साल देऊन टाकलं, म्हणजे मीही कागदावर सातची. कागदावर आम्ही जुळ्या. घरात या गोष्टीवर हसायचे. मीही हसायचे.

दहावीत आमच्या पी. टी.च्या सरांनी आम्हाला गंभीरपणे घेतलं. तालुक्याला मी पहिली आले, ती दुसरी, मध्ये चार पावलांचं अंतर. हे अंतर कधी बदललं नाही. ती मागून म्हणायची, "हळू की गं, मला काय मारून राहिली का!" आणि मी आणखी जोर लावायचे. सरांनी सांगितलं होतं की हिंगोलीला सोळा वर्षांच्या आतल्या मुलींची निवड आहे. पहिल्या दोघींना खेळाडूंच्या वसतिगृहात घेणार, दूर पुण्याकडे कुठंतरी. तिथं शिक्षण, जेवण, सराव सगळं. आम्ही एका पत्र्याच्या पेटीत दोघींचे कपडे कसे बसतील तेसुद्धा ठरवलं होतं. मला पदकाचं वेड नव्हतं. मला एवढंच कळत होतं की अक्कासाठी स्थळं बघणं सुरू आहे, आणि आमच्या घरात अक्काचं जे होतं ते माझंही त्याच दिवशी होतं. मला त्या घरातून पळून जायचं नव्हतं, पळत जायचं होतं, सगळ्यांच्या देखत, टाळ्या घेऊन.

हिंगोलीच्या मैदानावर टेबल मांडलं होतं. टेबलामागच्या साहेबांनी माझं बोनाफाईड बघितलं, बोटानं तारखेवर ठोकलं आणि म्हणाले, "ही जूनमध्येच सोळाची झाली. बाद."

सर म्हणाले, "साहेब, पोरगी चौदाची आहे हो. शाळेत घालताना वाढवून लावलंय."

"तसं लिहिलेलं दाखवा."

मी रडत होते, गयावया करत होते, साहेबांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. माझ्या मागं ती उभी होती, हातात नंबर, चार पिना. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. "मग हिला कसं घेऊन राहिले साहेब? ही माझ्याहून तीन वर्सांनं मोठी हाय. हिचं वय कमी लावलंय."

साहेबांनी तिचा कागद पुन्हा उघडला, वाचला, मिटला. "कागदावर बराबर आहे," म्हणाले. "पुढची."

तिला स्वतःच्या पाठीवर नंबर लावता येत नव्हता, एरवी तो मीच लावला असता. एका अनोळखी मुलीनं लावून दिला. मी कुंपणाला धरून उभी राहिले आणि ती पहिली आली. तिच्या पुढं कुणीच नव्हतं, म्हणून ती किती जोरात पळू शकते ते मला पहिल्यांदा दिसलं. परत येताना बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

सरांनी अजून एक वाट सांगितली होती. वडिलांनी तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र करून दिलं तर जन्मतारीख दुरुस्त होते, वेळ लागतो, पण पुढच्या वर्षी पुन्हा निवड असते. आठ दिवस मी आप्पांच्या मागं लागले. शेतात गेले, हळदीच्या बेण्याच्या ढिगाशी बसले, जेवले नाही, भांडले. पाय धरले. मी आयुष्यात कुणाकडं इतकं काही मागितलेलं नाही, नंतरही नाही.

आप्पा शांतपणे म्हणाले, "तारीख मागं घेतली तर तू अक्काच्या दोन वर्सं मागं पडशील. मग एका मांडवात दोघींचं कसं व्हईल? दोन मांडव मला झेपणार न्हाईत, लेकरा."

"मला मांडवच नको, आप्पा."

"अक्कालाबी नको का मग?" ते म्हणाले आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

आप्पा कायद्याला भिणारे माणूस. दहावी झाली, अकरावी झाली, दोन सख्ख्या भावांची स्थळं आली तरी त्यांनी घाई केली नाही. मुलींना अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न नाही, असं पावण्यांना ठणकावून सांगितलं. पहिली जून उलटू दिली आणि पुढच्याच आठवड्यातली तिथी धरली. गावात त्यांचं नाव झालं. मी तेव्हा सोळाची होते. ज्या कागदानं मला मैदानासाठी म्हातारी ठरवलं, त्यानंच मला लग्नासाठी जाणती करून टाकलं. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळून काय करता?

हळदीच्या दिवशी दुपारी जीप आली. ग्रामसेवक, एक पोलीस आणि बालसंरक्षणवाल्या एक मॅडम. कुणीतरी फोन करून सांगितलं होतं की या मांडवात एक नवरी लहान आहे. बायकांची गाणी थांबली. चुलत्याच्या तोंडचा रंग गेला, पण आप्पांचा नाही. त्यांनी पेटी उघडली, प्लास्टिकच्या पिशवीतून दोघींच्या टी. सी. काढल्या आणि मॅडमच्या हातात दिल्या. त्यांना खरोखरच अभिमान वाटत होता.

मॅडमनी कागद बघितले, मग माझ्याकडं बघितलं. मला लिंबाच्या झाडामागं नेलं. माझ्या अंगावर ओली हळद, हात कोपरापर्यंत पिवळे. त्या हळूच म्हणाल्या, "बाळा, घाबरू नको. तुझं खरं वय किती? तू तोंडानं सांग, बाकीचं मी बघते."

दीड वर्षापूर्वी मैदानावर मी हेच ओरडून सांगत होते आणि कुणाला ऐकायचं नव्हतं. आता एक बाई माझ्यासमोर वाकून विचारत होती, आणि मी हातावरची हळद खरवडत होते. झाडाच्या पलीकडं अक्का पाटावर बसलेली दिसत होती. तिला हा नवरा आवडला होता. ती चोरून त्याचा फोटो बघायची. माझं मोडलं तर तिचं मोडणार, दोघे भाऊ होते ना. आई पदर तोंडात धरून उभी होती. मॅडमनी पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "कागदावर बराबर हाय, मॅडम."

त्यांनी टी. सी. आप्पांच्या हातात परत दिल्या. मग जीप गेली आणि गाणी पुन्हा सुरू झाली.

तो फोन कुणी केला असेल, यावर आमच्या घरात कित्येक वर्षं चर्चा झाली. भावकीतल्या एका घराशी आप्पांनी त्यावरून बोलणं टाकलं. मी कुणावरच संशय घेतला नाही, कारण माझ्याबद्दल कुणाला एवढं वाटत असेल असं माझ्या मनातच आलं नाही. जिला वाटलं असतं तिचं वय मी भर मैदानात सांगून बसले होते.

यंदा जूनमध्येच शाळेनं तिचा सत्कार ठेवला. मी जाणार नव्हते, नवऱ्यानं गाडीवर बसवून हट्ट्याला नेलं. मी मागच्या रांगेत बसले. पोरांनी तिला विचारलं, मॅडम तुमचा वाढदिवस कधी असतो? ती म्हणाली, पहिली जून. मागं बसलेले आम्ही सगळे जुने विद्यार्थी हसलो. पोरांना कळलं नाही. त्यांचे दाखले दवाखान्यातून येतात.

कार्यक्रम झाल्यावर मी पाण्याच्या टाकीजवळ चप्पल धूत होते. ती सरळ तिथं आली. वाळली होती, उन्हानं काळवंडली होती, डोळ्यांखाली सुरकुत्या. कागदावर तिला अजून तिशी लागायची होती.

माझ्या मनात किती वर्षं घोकलेलं होतं ते मी आधी बोलून टाकलं. "त्या दिवशी मी तुझं वय सांगितलं. चुकलं माझं."

"खरंच तर बोललीस," ती म्हणाली. "मला राग आला व्हता. पण मी पळायला लागले अन् मागून तुझी पावलं न्हाई आली. मग राग कुठला राहतो?"

शाळेच्या मागं पोरी कबड्डीचं मैदान आखत होत्या. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "वसतिगृहातल्या मॅडमच्या फोनवरून मीच फोन केला व्हता. तुझ्या हळदीच्या दिवशी. मॅडमला सांगून तुझ्यासाठी जागाबी ठेवली व्हती, माझ्याच खोलीत. सांजपर्यंत फाटकापाशी उभी व्हते मी. त्या बालसंरक्षणाच्या बाई परत फोन करून मला म्हणाल्या, पोरगी सोताच अठराची म्हणते. काहून गं? मैदानात एवढी वरडली व्हतीस. तवा काहून न्हाई बोललीस?"

मी नळ बंद केला. अक्काचं सांगता आलं असतं, आईचं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण मला त्याच क्षणी समजलं आणि ते तिच्यापुढं उच्चारायची लाज वाटली. त्या दिवशी मला वाटलं होतं की आता माझी वाट बघणारं कुठं कोणीच नाही.