विहिरीकडचा भोंगा

मंगळवारी आमच्या मुळशीतल्या गावचा चावडीवरचा रेडिओ सांभाळणारे गृहस्थ वारले.

शाळेत न घातलेल्या मुली दुपारी विहिरीवर धुणी धूत. रेडिओवर शाळेचा पाठ लागला की ते भोंगा विहिरीकडे वळवत. संध्याकाळी माणसं गाणी ऐकायला जमली, की ते टोपी सारखी करत म्हणत, "ब्याटरी उतरलीया."

"पोरींच्या पाठाला बरी चालती रं तुजी ब्याटरी," जमलेल्यांतले आण्णा म्हणत.

"तिला बी इसावा लागतुया, आण्णा."

मी इथला शिक्षक. माझ्या वर्गात एकही मुलगी नाही. मागच्या आठवड्यात विहिरीवरून साताचा पाढा ऐकू आला, तेव्हा ते रेडिओपाशी, चावडीच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आता गाण्यांना बॅटरी पुरावी म्हणून दुपारी रेडिओ बंद असतो. विहिरीवरच्या मुलींना सातापर्यंतचे पाढे येतात.